काल काय घडले, ते इंग्रजीत सांगताना

इंग्रजी शिकणारा माणूस आपले नाव, गाव आणि शिक्षण सांगून मोकळा होतो. 'माय नेम इज', 'आय लिव्ह इन' इथपर्यंत गाडी नीट चालते. समोरच्याने मागचे काही विचारले की मात्र ती अडते. मुलाखतीत विचारतात, आधी कुठे काम करीत होता आणि ते का सोडले? दवाखान्यात विचारतात, ताप कधी सुरू झाला? शाळेच्या पालकसभेत बाई विचारतात, सुट्टीत मुलाने काय वाचले? या सगळ्या प्रश्नांची उत्तरे साध्या भूतकाळात द्यायची असतात. मुले त्याला शाळेत 'सिम्पल पास्ट टेन्स' म्हणतात.

हा केवळ परीक्षेतल्या दोन गुणांचा प्रश्न नाही. आपली कितीतरी माणसे रोजीसाठी आखाती देशांत आहेत. काहींची कुटुंबेही तिकडेच राहतात. समजा, तिथल्या दवाखान्यात एका आईला परिचारिकेने विचारले, मुलीला तापाची गोळी दिली का? आई म्हणाली, 'शी टेक टॅब्लेट.' आता मुलीने गोळी घेतली आहे, ती रोज घेते, की घेणार आहे? पुढची मात्रा कधी द्यायची ते या उत्तरावर ठरते. आईने 'टेक'ऐवजी 'टुक' म्हटले असते, तर शंकाच उरली नसती. म्हणून आमचे म्हणणे असे की घरात इंग्रजीचा सराव करायचाच असेल, तर तो 'काल' सांगण्यापासून करावा. हा काळ दिसतो तितका अवघड नाही. आपण मराठी वाक्य जसेच्या तसे उचलून इंग्रजीत ठेवतो, म्हणून तो अवघड होतो. त्या जागा मोजक्याच आहेत आणि त्या ओळखता येतात.

क्रियापद कुणाकडे पाहत नाही

आधी आपल्या भाषेचा पसारा पाहू. मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या, तुम्ही गेलात. माणूस बदलला की रूप बदलते. शिवाय 'खाणे' किंवा 'लिहिणे' अशी क्रियापदे असली, तर आपण खाणाऱ्याकडे न पाहता खाल्लेल्या वस्तूकडे पाहतो. आंबा खाल्ला, चपाती खाल्ली, केळे खाल्ले, चपात्या खाल्ल्या. परक्या माणसाला हे शिकायला किती कष्ट पडत असतील, याचा विचार करून पाहा!

इंग्रजीत या सगळ्यांसाठी एकच रूप आहे. आय, यू, ही, शी, वुई, दे, कुणीही असो, गेले की 'वेन्ट' आणि खाल्ले की 'एट'. पुरुष-स्त्री नाही, एक-अनेक नाही, आंबा-चपाती नाही. अपवाद फक्त 'असणे' या क्रियापदाचा. आय, ही, शी, इट यांना 'वॉज' आणि यू, वुई, दे यांना 'वेअर'.

सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात ज्यांच्या घरी दखनी बोलली जाते, त्यांना तर हे ओळखीचेच वाटावे. 'मैं रोटी खाया' असे आपण सहज बोलून जातो. उर्दूच्या शिक्षकांना ते खटकते, कारण प्रमाण उर्दूत 'मैंने रोटी खाई' हवे. पण इंग्रजी क्रियापदही दखनीसारखेच आहे. ते रोटीकडे पाहत नाही.

मदरशात अरबीचे व्याकरण शिकलेल्या मुलामुलींना आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. फेले माजीची गरदान तुम्ही पाठ केली आहे ना? कतबा म्हणजे त्याने लिहिले, कतबत म्हणजे तिने लिहिले, कतबू म्हणजे त्यांनी लिहिले, कतब्तु म्हणजे मी लिहिले. असे एकेका क्रियापदाचे चौदा सीगे ज्याने घोकले, त्याने इंग्रजीच्या एका 'रोट'ला घाबरावे, हे काही बरे नाही.

लिहायचे एक, उच्चारायचे तीन

बहुतेक इंग्रजी क्रियापदांचा भूतकाळ शेवटी ई-डी ही अक्षरे लावून होतो. लिहिण्याचे नियम थोडेच आहेत. शब्दाच्या शेवटी ई असेल, तर नुसता डी लावायचा, जसे 'लिव्ह' किंवा 'यूज'. शेवटी वाय असेल आणि त्याच्या आधी व्यंजन असेल, तर वाय काढून आय-ई-डी लावायचे, जसे 'स्टडी' किंवा 'क्राय'. वायच्या आधी स्वर असेल, तर काही काढायचे नाही, जसे 'प्ले'. 'स्टॉप', 'प्लॅन', 'ड्रॉप' अशा आखूड शब्दांत शेवटचे व्यंजन दोनदा लिहून मग ई-डी लावायचे.

खरी गंमत उच्चारात आहे. आपण जसे लिहिले तसे वाचतो, म्हणून 'वॉकेड', 'हेल्पेड', 'वॉशेड' असे बोलतो. इंग्रजीत हे ई-डी तीन प्रकारे बोलले जाते, आणि ते समजून घ्यायला मराठी शाळेत शिकलेली कठोर व मृदू व्यंजने कामी येतात.

मूळ शब्द क, च, प, फ, स, श अशा कठोर आवाजाने संपत असेल, तर शेवटी 'ट' ऐकू येतो. वॉक्ट, वॉच्ट, हेल्प्ट, लाफ्ट, वॉश्ट. शब्द स्वराने किंवा ग, ब, म, न, ल अशा मृदू आवाजाने संपत असेल, तर 'ड' ऐकू येतो. प्लेड, क्लीन्ड, कॉल्ड. आणि मूळ शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल, तर जोडून बोलता येत नाही म्हणून 'इड' येतो. वॉन्टिड, स्टार्टिड, नीडिड. गळ्यावर बोट ठेवून 'स' आणि 'न' म्हणून पाहा. 'न' म्हणताना गळा थरथरतो, 'स' म्हणताना थरथरत नाही. थरथर असेल तिथे ड, नसेल तिथे ट. या लेखात इथून पुढे आम्ही ही रूपे उच्चाराप्रमाणेच लिहीत आहोत.

खूण एकदाच

आता सगळ्यांत जास्त होणाऱ्या चुकीकडे येऊ. 'आय डिडन्ट वेन्ट', 'डिड यू ब्रॉट?', 'शी डिडन्ट टोल्ड मी.' चांगली शिकलेली माणसेही असे बोलताना आढळतात.

याचे मूळ आपल्या मराठीत आहे. 'तो गेला' हे वाक्य नकारार्थी करायचे, तर आपण 'तो गेला नाही' म्हणतो. प्रश्न करायचा, तर 'तो गेला का?' म्हणतो. 'गेला' जागचा हलत नाही. त्याला फक्त 'नाही' किंवा 'का' चिकटते. तीच सवय घेऊन आपण इंग्रजीत 'वेन्ट' जागच्या जागी ठेवतो आणि त्याच्या आधी 'डिडन्ट' लावतो.

इंग्रजीचा हिशोब वेगळा आहे. तिथे भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच येते. साध्या विधानात ती क्रियापदावर असते: 'ही वेन्ट.' नकार किंवा प्रश्न आला की 'डिड' हे साहाय्यक क्रियापद पुढे येते आणि ती खूण स्वतःकडे घेते. मग मूळ क्रियापद मोकळे होऊन आपल्या पहिल्या रूपात परत जाते: 'ही डिडन्ट गो', 'डिड ही गो?' घराची किल्ली एकाच्याच हातात असते, तसे हे आहे. 'डिड'ने ती घेतली की 'वेन्ट'कडे ती राहत नाही.

अरबी शिकलेल्यांना हेही नवे नाही. 'त्याने लिहिले नाही' हे अरबीत दोन प्रकारे सांगता येते. 'मा कतबा' म्हटले, तर माजीचे रूप तसेच राहते आणि आधी नकार लागतो. ही आपल्या मराठीची रीत झाली. 'लम यक्तुब' म्हटले, तर 'लम' पुढे येतो, क्रियापद मुजारेच्या रूपात जाते आणि अर्थ मात्र माजीचाच राहतो. इंग्रजीचे 'डिडन्ट राइट' हे या 'लम'च्या चालीचे आहे. मुलाला 'लम' ठाऊक असेल, तर 'डिडन्ट' समजावायला दोन मिनिटे पुरतात.

दोन जागी 'डिड' लागत नाही, तेही लक्षात ठेवावे. 'वॉज' आणि 'वेअर' आपला नकार आणि प्रश्न स्वतःच सांभाळतात: 'आय वॉजन्ट ॲट होम', 'वेअर यू सिक?' आणि काम कुणी केले, असे कर्त्याबद्दलच विचारायचे असेल, तरी 'डिड' नको: 'हू कुक्ट द बिर्याणी?' पण काय शिजवले, असे विचारायचे असेल, तर तो पुन्हा येतो: 'व्हॉट डिड यू कुक?'

'होतो', 'आहे' आणि 'आलोच'

तिसरी अडचण अर्थाची आहे. आपण मराठीत सहज म्हणतो, 'मी काल बाजारात गेलो होतो.' त्यातल्या 'होतो'साठी इंग्रजीत 'हॅड' शोधला जातो आणि 'आय हॅड गॉन टू द मार्केट येस्टर्डे' असे वाक्य तयार होते. मराठीत 'गेलो होतो' एकटे चालते. इंग्रजीतला 'हॅड' सोबतीला दुसरी घटना मागतो. 'व्हेन आय रीच्ट द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.' मी पोहोचलो ही एक घटना आणि त्याआधी गाडी निघून गेली ही दुसरी. दोन घटनांतली आधीची दाखवायची असेल, तिथे 'हॅड' हवा. नुसते काल बाजारात गेला असाल, तर 'आय वेन्ट' पुरे.

तसेच 'मी त्याला काल पाहिले आहे' यातल्या 'आहे'चे. त्यावरून 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे' तयार होते आणि ते चुकते. नियम सरळ आहे. वाक्यात संपलेली वेळ सांगितली असेल, म्हणजे काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी, 2019 साली, तर 'हॅव' नको. साधा भूतकाळ हवा: 'आय सॉ हिम येस्टर्डे', 'आय पास्ट माय डिप्लोमा इन 2019.'

नोकरीच्या मुलाखतीत हा फरक किती महागात पडतो, ते पाहा. 'आय वर्क्ट देअर फॉर फाइव्ह इयर्स' याचा अर्थ, तिथे पाच वर्षे काम केले आणि ते आता संपले. 'आय हॅव वर्क्ट हिअर फॉर फाइव्ह इयर्स' याचा अर्थ, पाच वर्षे झाली आणि अजून इथेच आहे. जुने काम सोडून आलेला तरुण जर 'आय ॲम वर्किंग देअर फाइव्ह इयर्स' म्हणाला, तर समोरचा समजणार की हा अजून दुसऱ्याकडे बांधलेला आहे. त्याच्या हातात कौशल्य आहे, अनुभव आहे, पण दोन शब्दांनी त्याचे चित्र बदलले.

याच्या उलटही घडते. मराठीत रूप भूतकाळाचे असते, पण गोष्ट आताची असते. आई हाक मारते आणि मुलगा आतूनच ओरडतो, 'आलोच!' तो अजून उठलेलाही नसतो. इंग्रजीत तिथे 'आय केम' म्हटले, तर ऐकणारा दाराकडे पाहील. तिथे 'आय ॲम कमिंग' हवे. 'मला भूक लागली' म्हणजे भूक आता आहे, म्हणून 'आय ॲम हंग्री.' 'समजले मला' याचे साधे इंग्रजी 'आय अंडरस्टँड.' शब्दाला शब्द न लावता, गोष्ट घडून संपली आहे की अजून चालू आहे, एवढे स्वतःला विचारावे.

आणि 'दादी रोज रात्री गोष्टी सांगायची' यातल्या 'सांगायची'साठी इंग्रजीत काही वेगळे शोधण्याची गरज नाही. पूर्वीची सवय साध्या भूतकाळातही सांगता येते: 'माय ग्रँडमदर टोल्ड अस स्टोरीज एव्हरी नाइट.' ती सवय आता राहिलेली नाही, हे ठसवायचे असेल, तर 'यूज्ड टू टेल' म्हणावे.

जा–गेला, गो–वेन्ट

आता उरली ती पाठांतराची क्रियापदे. 'गो'चे 'वेन्ट' का झाले, 'गोड' का नाही, असे मुले विचारतात. त्यांना उलट विचारावे, 'जा'चे 'जाला' का होत नाही, 'गेला' का होते? उत्तर दोन्हीकडे सारखेच आहे. आपल्या भाषेत 'जा' एका जुन्या धातूपासून आला आणि 'गेला' दुसऱ्या. इंग्रजीत 'वेन्ट' हे मुळात 'वेन्ड' या निराळ्याच क्रियापदाचे रूप होते. पुढे ते 'गो'च्या घरी येऊन राहिले. कर–केला, मर–मेला, खा–खाल्ला, घे–घेतला हे आपले अनियमित शब्द आपण कधी तक्ता करून पाठ केले का? ते कानांनी शिकलो.

ही रूपे टिकली कशी, याचेही उत्तर मिळाले आहे. 2007 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली आणि त्यांचा आजपर्यंतचा प्रवास तपासला. त्यांतली 98 आजही अनियमित आहेत. बाकीची काळाच्या ओघात ई-डीच्या रांगेत आली. 'हेल्प' हे त्यांतलेच एक. जी कमी वापरली गेली, ती लवकर बदलली. जी रोज तोंडात होती, ती टिकली. म्हणूनच गो, कम, ईट, से, गिव्ह, टेक, सी अशी रोजचीच क्रियापदे अनियमित आहेत. याचा फायदा असा की ती बोलण्यात इतक्या वेळा येतात की थोड्याच दिवसांत तोंडी बसतात.

पाठ करताना एबीसीच्या क्रमाने न करता त्यांच्या चालीने गट करावेत.

काही बदलतच नाहीत: कट, पुट, शट, हिट, कॉस्ट. 'रीड'चे स्पेलिंग तेच राहते, उच्चार 'रेड' होतो.

काहींचा शेवटचा ड जाऊन ट येतो: सेंड–सेंट, स्पेंड–स्पेंट, बिल्ड–बिल्ट.

काहींना 'ऑट'ची चाल आहे: बाय–बॉट, ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट, टीच–टॉट, कॅच–कॉट.

काहींत 'इ'चा 'ॲ' होतो: सिट–सॅट, ड्रिंक–ड्रँक, स्विम–स्वॅम, बिगिन–बिगॅन.

काहींत 'ओ'चा 'ऊ' होतो: नो–न्यू, ग्रो–ग्र्यू, थ्रो–थ्र्यू.

आणि काहींत 'ओ' येतो: राइट–रोट, स्पीक–स्पोक, ब्रेक–ब्रोक.

मुलाने एखाद्या दिवशी 'गोड' किंवा 'ईटिड' म्हटले, तर त्याला हसू नये. बोबडे बोलणारे मराठी मूलही 'केला'ऐवजी 'करला' म्हणून जाते. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपुढे स्वतः बनवलेले शब्द ठेवले. हा माणूस 'रिक' करतो, कालही त्याने तेच केले, तर काल त्याने काय केले? असा शब्द मुलांनी कधीच ऐकलेला नव्हता, तरी बऱ्याच मुलांनी 'रिक्ट' असे उत्तर दिले. म्हणजे मूल नुसते ऐकलेले बोलत नसते, त्याच्या मनात नियम तयार झालेला असतो. तुमचे मूल 'गोड' म्हणते, तेव्हा त्याला नियम कळला आहे, फक्त अपवाद कानावरून गेलेला नाही. आपण सहज 'यस, ही वेन्ट' असे बरोबर रूप वापरून बोलणे पुढे न्यावे.

रोज पाच वाक्ये

यासाठी शिकवणी किंवा महागडे पुस्तक लागत नाही. रात्री जेवणे झाली की घरातल्या प्रत्येकाने आपल्या दिवसाबद्दल पाच वाक्ये इंग्रजीत सांगावीत. एकाने विचारावे, 'व्हॉट डिड यू डू टुडे?' दुसऱ्याने सांगावे. मग सांगितलेल्यावरच एक प्रश्न 'डिड' लावून विचारावा आणि एक वाक्य 'डिडन्ट' लावून सांगावे. अम्मीने सांगावे, दादीने एखादे वाक्य जोडावे, कॉलेजात जाणाऱ्या भाईने मध्येच दुरुस्त न करता शेवटी एकच चूक सांगावी. रमजानमध्ये इफ्तारनंतर किंवा सुट्टीत पाहुणे आले असताना तर सांगण्यासारखे खूपच असते. नमुन्यादाखल गेल्या ईदबद्दलची ही काही वाक्ये पाहा.

'लास्ट ईद वुई वोक अप अर्ली. माय मदर मेड शीरखुर्मा. माय फादर अँड ब्रदर्स वेन्ट टू द ईदगाह. माय आंट केम फ्रॉम मुंबई. शी ब्रॉट बँगल्स फॉर अस. वुई एट, टॉक्ट अँड लाफ्ट. इट रेन्ड इन द इव्हनिंग, सो वुई डिडन्ट गो आउट.'

गेल्या ईदला आम्ही लवकर उठलो, अम्मीने शीरखुर्मा केला, अब्बा आणि भाऊ ईदगाहला गेले, खाला मुंबईहून आली, तिने आमच्यासाठी बांगड्या आणल्या, आम्ही जेवलो, गप्पा मारल्या, हसलो, संध्याकाळी पाऊस आला म्हणून बाहेर गेलो नाही. यात दहा क्रिया आहेत. सहा अनियमित आहेत, तीन ई-डीच्या आहेत आणि एका जागी 'डिडन्ट' आहे. उठले कोण, आले कोण, बांगडी एक की अनेक, याने एकाही क्रियापदाचे रूप बदललेले नाही.

आज रात्री जेवणानंतर पाच वाक्यांनी सुरुवात करून पाहा. मुलांबरोबर घरातल्या स्त्रियांनाही बोलू द्या, कारण मुलाला घेऊन डॉक्टरकडे आणि शाळेत बहुतेक वेळा त्याच जातात. पहिल्या आठवड्यात 'डिडन्ट वेन्ट' येईल, ते येऊ द्या. दोन आठवड्यांनी ज्याचा त्यालाच ते कानाला खटकू लागेल आणि सांगण्यापूर्वीच जीभ 'डिडन्ट गो'कडे वळेल.